उघाडीची दोन कुलपं

आमच्या घरात भांडण तोंडानं सुरू होतं आणि हातानं संपतं. मी कॉम्प्युटर शिकलो, कीबोर्डवर दहा बोटं चालवायला लागलो, तरी त्या दहा बोटांची मूठ वळायची सवय काही गेली नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी शांत, समंजस इंजिनीअर वाटलो तर फसू नका.

न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला ट्रेलर उभे करायचं एक यार्ड आहे. बंदरात शिरायचा नंबर लागेपर्यंत गाड्या तिथे थांबतात, कधी चार तास, कधी दोन दिवस. चालक गाडीखाली चटई टाकून झोपतात, स्टोव्हवर भात लावतात आणि नंबरावरून एकमेकांची आईबहीण काढतात. माझा मोठा भाऊ तिथला. आमचं मिठागर गेलं तेव्हा वडिलांनी ट्रेलर घेतला आणि दादा त्यावर बसला. मी उरणात तीन खुर्च्यांच्या एका ऑफिसात वेबसाइटी करायचो. यार्डातल्या चालकांच्या संघटनेची वेबसाइटही मीच केलेली.

त्या यार्डात माणसाला नावानं कोणी हाक मारत नाही. गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे हेच त्याचं नाव. "एकोणीस-सत्तर जेवला का?" "तीस-पासष्टच्या बायकोला मुलगी झाली." दादा म्हणजे बेचाळीस-आठ. त्याच्या लग्नात यार्डातल्या लोकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यावरही तेच लिहिलेलं होतं, आणि आई घड्याळ उलटंपालटं करून विचारत होती की हे एवढ्या वाजताचं काय आहे.

यार्डात सहा-सात जणांची एक टोळी होती. रांग मोडून आपल्या माणसांच्या गाड्या पुढे काढणं हा त्यांचा धंदा. आडवा आला त्याची काच फुटायची. फारच आडवा आला तर दात. पोलिसात कोणी जायचं नाही, कारण गेला की कोण गेला ते कळायचं. म्हणून संघटनेनं ठरवलं की वेबसाइटवर एक तक्रारपेटी करायची. चालकानं मोबाइलवरून लिहायचं, नाव गुप्त राहील. ते 'गुप्त राहील' हे दोन शब्द माझ्या हातांनी टाइप केलेले आहेत.

पहिली तक्रार चाचांनी केली. चाचा रेवदंड्याचे. पंधरा वर्षं आखातात क्रेन चालवून आलेले, साठीला टेकलेले, पाच वेळचे नमाजी. दादाला ट्रेलर मागे घ्यायला त्यांनी शिकवलं. सरळ तर कोणीही चालवतो, ट्रेलर रिव्हर्स घेणं ही खरी विद्या, असं ते म्हणायचे. दादाच्या हातावर हात ठेवून ते स्टिअरिंग फिरवायचे आणि चुकला की त्याच हातानं टपली मारायचे.

तक्रार केल्याला आठवडा झाला नसेल. दुपारी तीनच्या सुमाराला टोळीनं चाचांना केबिनमधून खाली ओढलं, डोक्यावर गोणपाट घातलं, उजवा हात बंपरवर दाबून धरला आणि त्यावर टॉमी मारली. टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडवायची लोखंडी पहार. तीन वेळा मारली. आजूबाजूला शंभराच्या वर गाड्या उभ्या होत्या. कोणी काही पाहिलं नाही.

मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा चाचांची दोन बोटं काढून टाकलेली होती, आणि उरलेल्या तिन्हींचं काय करायचं यावर डॉक्टरांचं एकमत होत नव्हतं. चाचांनी डाव्या हातानं मला खाटेशी बोलावलं.

"मारताना माझी तक्रार वाचून दाखवली त्यांनी, बेटा," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर. तुझ्या पेटीला जबान फुटली होती."

आमच्या गावात घराची दुसरी चावी शेजारच्या घरात खिळ्याला टांगलेली असते. चोरी होईल असं कोणाच्या मनातही येत नाही. मीही तेच केलं होतं. सगळ्या वेबसाइटची एक प्रत, तक्रारींसकट आणि पासवर्डसकट, संघटनेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवून दिली होती, असू दे, कधी लागली तर. पासवर्ड साध्या अक्षरात लिहिलेला. कोणीतरी पेन ड्राइव्ह लावला आणि घेऊन गेला. मी तिथल्या ऑपरेटरची गचांडी धरून दोन कानाखाली लावल्या. त्याचा काही संबंध नव्हता, तो सुट्टीवर होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. घरी येऊन मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, तर ते काही जमलं नाही.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा मी चाचांची बोटं गेल्यावर कुलूप करायला बसलो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइटी लिहायची एक जुनी, सगळीकडे चालणारी भाषा आहे, पीएचपी. तिच्यात जे लिहाल ते साध्या मजकुराच्या फायलीत राहतं. फाईल ज्याच्या हाती पडली तो वाचणार. आत कुलूप लावलंत तरी चावी त्याच घरात कुठेतरी ठेवावी लागते, आणि घरात शिरलेला माणूस आधी चावीच शोधतो. यावर उपाय म्हणजे एक्स्टेंशन. भाषेच्या पोटात बसवायचा जादा अवयव म्हणा. तो सी भाषेत लिहायचा, यंत्राला कळेल अशा रूपात आणायचा आणि सर्व्हरवर बसवायचा, की पीएचपीला तिच्या जन्मजात शब्दांसारखे नवे शब्द मिळतात. मी तिला दोनच शब्द देणार होतो, 'लाव' आणि 'काढ'.

कुलपाचं गणित मी स्वतः रचलं नाही, तेवढी अक्कल होती. जगभरच्या लोकांनी ठोकून पारखलेलं गणित तयार मिळतं, ते घेतलं. त्यात कडी लावायची चावी वेगळी आणि काढायची वेगळी असते. लावायची चावी वेबसाइटवर उघडी पडली तरी बिघडत नाही, तिच्यानं फक्त बंद करता येतं. प्रश्न होता काढायच्या चावीचा. ती कोणाकडे ठेवायची? माझ्याकडे? मला कोणी टॉमी दाखवली तर मी किती वेळ तोंड मिटून राहीन याचा मला अंदाज होता. संघटनेच्या अध्यक्षाकडे? त्याच्या मेव्हण्याचीच गाडी टोळी पुढे काढायची.

याचं उत्तर मला वडिलांनी दिलं, आणि तेही पीएचपी हा शब्द आयुष्यात न ऐकता. आमच्या खाडीच्या बांधाला उघाडी आहे. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं लाकडी दार. एका बाजूला आमचं मिठागर होतं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भावकीची भातखाचरं. माझ्या जन्माआधी एका उधाणाला आमच्या माणसांनी मिठासाठी दार उघडलं आणि खारं पाणी त्यांच्या पोटऱ्यात आलेल्या भातात शिरलं. कोयते निघाले. वडिलांच्या मानेवर कानापासून खांद्यापर्यंत जो व्रण आहे तो त्या दिवसाचा. समोरच्यांचा एक माणूस बांधावरच संपला. त्यानंतर गावकीनं उघाडीला दोन कुलपं घातली. एकाची चावी आमच्या घरात, एकाची त्यांच्या. दोन्ही घरांची माणसं बांधावर आल्याशिवाय दार हलायचं नाही. बोलणं नव्हतं, पाणी पीत नव्हते एकमेकांकडे, पण भरतीला दोघं येऊन उभे राहायचे.

"येकाच्या हातान चावी दिली," वडील म्हणायचे, "का दुसऱ्याच्या हातान कोयता येतंय."

मग मी 'काढ' हा शब्द तसाच घडवला. काढायची चावी कुठेच साठवलेली नाही. दोन माणसांनी आपापलं परवलीचं वाक्य टाइप करायचं, त्या दोन वाक्यांतून चावी सर्व्हरच्या मेमरीत क्षणभर तयार व्हायची, कडी निघायची, आणि लगेच चावीच्या जागेवर शून्यं लिहून ती पुसायची. एक वाक्य माझं. दुसरं चाचांचं. ज्याची बोटं गेली त्याचाच त्या पेटीवर पहिला हक्क, हे सांगायला मला गावकीची बैठक लागली नाही.

सांगायला सोपं आहे. करायला सहा आठवडे लागले आणि तेवढ्या काळात दोन माउस मी भिंतीवर फोडले. पुसण्याचंच घ्या. मी सीमध्ये लिहायचो की ही जागा शून्यानं भर. तो कोड यंत्रासाठी तयार करणारा प्रोग्राम म्हणायचा, या जागेचं पुढे काही काम दिसत नाही, मग भरायची कशाला, आणि ती ओळच गाळून टाकायचा. मला वाटायचं चावी पुसली, आणि ती मेमरीत तशीच पडलेली. त्याला न कळता पुसायची निराळी रीत असते, ती सापडेपर्यंत आठवडा गेला.

दुसरी भानगड याहून वाईट. चाचांना पहिल्यांदा ऑफिसात आणलं, डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी आपलं वाक्य टाइप केलं. ते टाइप करत होते तेव्हा मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत होतो, हा आमचा नियम. माझ्या कोडमध्ये कुठेतरी चूक होती, प्रोग्राम कोसळला. आणि ही भाषा अशी इमानदार, की कोसळताना सगळं लॉगमध्ये लिहून जाते. कुठल्या ओळीवर पडले, त्या वेळी हातात काय काय होतं, सगळं. मी लॉग उघडला तर चाचांचं वाक्य अख्खं समोर. मी त्यांना सांगून टाकलं.

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग बदलतो," चाचा म्हणाले. "आणि तुझ्या या बाईला आधी गप्प राहायला शिकव. बोटं मोजकीच उरली आहेत माझी."

शिकवली. एक्स्टेंशनमध्ये असं काही घातलं की या दोन शब्दांच्या हातात जे असेल ते लॉगमध्ये कधीच उतरणार नाही. मग पुन्हा तपासलं, मुद्दाम पाडून पाहिलं, दहा प्रकारांनी पाडलं. पेटीतलं नाव, फोन, तक्रारीचा मजकूर, सगळं बंद. सर्व्हर उचलून नेला तरी हाती नुसता चिखल लागला असता. चाचा लाँचनं रेवसला गेले, तिथून रेवदंड्याला, आणि त्यांच्याबरोबर अर्धी चावी खाडीपलीकडे गेली. मी इतका खूश होतो की घरी जेवताना दादासमोर फुशारकी मारली.

"आता कोणीही तक्रार करू दे. कोणाच्या बापाला कळणार नाही. मला स्वतःला वाचता येणार नाही, बोल."

दादा मासा निवडत होता. गेले दोन-तीन महिने तो घरात फारसा बोलत नव्हता. चाचांचं दुःख झालंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

"तूबी न्हाय वाचू शकत?" त्यानं विचारलं.

"चाचा आणि मी, दोघं मिळूनच. एकटा कोणी नाही."

तो ताट तसंच ठेवून उठला. त्या आठवड्यात पेटीत एक नवी तक्रार आली. कोणाची ते मला कळायचं कारण नव्हतं, आणि माझंच कुलूप नीट चाललंय याचा मला केवढा आनंद झाला.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी टोळीनं दादाची गाडी यार्डाच्या वळणावर अडवली. आधी काचेवर दगड घातला. काच आत आली. मग दार उघडून त्याला खाली खेचला आणि तो डोळ्यांवर हात धरून रस्त्यावर लोळत असताना लाथांनी बरगड्या मोडल्या. उजवा डोळा हॉस्पिटलात पोचायच्या आधीच गेला होता. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, पट्टी निघेल तेव्हा बघू.

मी हॉस्पिटलातून सरळ यार्डात गेलो. दादाच्या गाडीतली टॉमी घेतली आणि टोळीतला जो पहिला दिसला त्याच्या पाठीत घातली. हाड वाजलेलं मला ऐकू आलं, आणि बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. दुसरा फटका मारायला मी हात उचलला तेवढ्यात बाकीचे आले. माझ्या हातातून टॉमी गेली, पोटात गुडघा बसला, तोंडावर बूट आला. मी संघटनेच्या ऑफिसच्या भिंतीशी जाऊन पडलो. तोंडात रक्त आणि एक दात. वर पाहिलं तर डोक्यावर सूचनाफलक.

फलकावर कागद लावलेला होता. 'प्रलंबित तक्रारी.' संघटनेचा कारभार पारदर्शक हवा म्हणून दर सोमवारी ही यादी छापून लावायची पद्धत होती, आणि ती छापायचं बटण मीच करून दिलं होतं. कागदावर कोणाचं नाव नव्हतं, फोन नव्हता, तक्रारीचा एक शब्द नव्हता. नुसता गाडी क्रमांक आणि पुढे 'चालू' किंवा 'निकाली'. गाडी क्रमांकाला मी कुलूप लावलं नव्हतं. यादी शोधायला सोपी जावी म्हणून तो रकाना उघडा ठेवला होता. गाडीचा नंबर म्हणजे गाडीचा, त्यात माणसाचं खासगी काय, असं मला वाटलं होतं. बेचाळीस-आठ, चालू.

वर्षानुवर्षं मी त्या यार्डात आकड्यांना नावं म्हणून हाका मारलेल्या ऐकल्या होत्या. घरात माझ्या भावाच्या नावाचं घड्याळ टांगलेलं होतं. सहा आठवडे मी मेमरीतला एकेक बाइट पुसत बसलो आणि दादाचं नाव चहाच्या टपरीशेजारी भिंतीला चिकटवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, माझ्या दिव्याखाली दादाचा डोळा गेला.

पोलिस आले. आलेला इन्स्पेक्टर साहेब बरा होता. म्हणाला, "ऐकीव नको. पाहिलेल्या माणसाचा जबाब द्या, मिळेल त्या दिवशी उचलतो. जबाबाशिवाय उचललं तर दोन दिवसांत सुटतील." सुटले तर ते दादाला जिवंत ठेवणार नाहीत हे सांगायची गरज नव्हती. आणि दादा म्हणत होता, मला काही आठवत नाही.

"जीभ पण काढली का तुझी?" मी ओरडलो. नर्सनं मला बाहेर काढलं.

चाचा एक दिवसाआड लाँचनं यायचे. तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील घेऊन यायचे, दादाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, म्हणून डाव्या हातानं घास भरवायचे. चाचा आले की दादा भिंतीकडे तोंड करायचा. मला वाटायचं वेदना असतील. मी त्याला सांगितलं, तू बोलत नाहीस ना, मग तुझी तक्रार उघडतो आणि तीच साहेबाला देतो.

"उघडू नको," तो म्हणाला. मग माझा हात चाचपून घट्ट पकडला. "तुज्या पाया पडतो. चाचाला घेऊन उघडू नको."

"चाचांशिवाय ती उघडतच नाही. तसंच केलंय मी."

त्यानं हात सोडला.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दुपारी मी लॅपटॉप उघडला. माझं वाक्य टाइप केलं आणि तोंड फिरवलं. मागे चाचांच्या एका बोटाची टकटक चालली होती, एक अक्षर, थांबून दुसरं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "झालं." पडद्यावर दादाचं नाव होतं आणि खाली पाच-सहा ओळी. चाचा मराठी शाळेत शिकलेले, पण वाचतात ते मोठ्यानं आणि ओळीखाली बोट धरून.

"चाचाच्या हातावर टॉमी मारली ती मी बगितली. मारणारा कोन ते खाली लिवलंय. गोणपाट त्यांनी माज्याच गाडीतनं घेतलं."

चाचांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. माझी नजर त्यांच्या बोटापेक्षा पुढे धावली होती. मी लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. चाचांनी मध्ये हात घातला, उजवा, मोडका. झाकण त्या हातावर आपटलं. त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही, नुसता श्वास आत गेला.

"वाचू दे," ते म्हणाले.

मी झाकण वर केलं.

"हात मी धरला. मना बोलले, धर, न्हायतर तुजा ठेवू बंपरवर. मी धरला. चाचाला म्हाईत न्हाय. ह्ये खरं हाय."

मला त्या क्षणी दादाला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, एक डोळा गेलेल्या, बरगड्या मोडलेल्या माझ्या भावाला. आणि मग वाटलं, हे पुसून टाकावं. साहेबाला दिलं तर टोळीबरोबर दादाही आत जाईल. उघडा मजकूर फक्त मेमरीत आहे, पेटीतली बंद प्रत माझ्याच सर्व्हरवर, एक बटण दाबलं की दोन्हीकडे शून्यंच शून्यं. पुसायला मी शिकलो होतोच.

चाचा आपला हात दुसऱ्या हातात धरून बसले होते. "दाबून धरला होता," ते म्हणाले. "मी हलवायचा प्रयत्न केला. मला वाटलं कोणी पैलवान असेल." समोरच्या टेबलावर कोणीतरी वडापाव मागवला, आला, खाऊन झाला. "त्याला रिव्हर्स शिकवताना मीच म्हणायचो, घट्ट धर, हात ढिला सोडू नको."

"चाचा, तुम्ही सांगाल तसं करतो. पुसू का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "दोघांनी मिळून उघडलंय ना? मग एकट्यानं काय पुसतोस?" ते उठले. "साहेबाला बोलाव. हे नको दाखवू अजून. आधी त्याच्या तोंडून येऊ दे."

वॉर्डात दादा पाठीवर पडला होता, दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी. चाचा खाटेशी बसले. भाकरीचा डबा त्यांनी उघडला नाही. आपला उजवा हात उचलला आणि दादाच्या तळहातावर ठेवला. दादाची बोटं त्या हातावरून फिरली, जिथे दोन बोटं नव्हती तिथे आली आणि थांबली. दादा हात मागे घ्यायला लागला.

"धर," चाचा म्हणाले. "तेव्हा धरलास तसा धर."

दादाची छाती वरखाली व्हायला लागली. मोडक्या बरगड्यांवर रडणं किती दुखतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"रडू नको. पट्टी भिजेल, तो डोळापण जाईल." चाचांचा आवाज मऊ नव्हता. "मी माफ केलेलं नाही तुला. ते अजून व्हायचंय, होईल का ते अल्लाला माहीत. साहेब येतोय. त्याला सगळं सांग. त्यांची नावं सांग, आणि तुझंपण सांग."

साहेब आला, हवालदारानं कागद काढला. दादा बोलायला लागला. चार जणांची नावं त्यानं घेतली, आकडे नाही, आईबापांनी ठेवलेली नावं. मग हवालदारानं विचारलं, हात कोणी धरला होता?

"मी," दादा म्हणाला, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं आणि आडनावासकट.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या दोन हातांकडे बघत राहिलो. जबाब संपेपर्यंत चाचांनी आपला हात काढून घेतला नाही. दादानंही तो धरून ठेवला होता, पण मूठ आवळली नव्हती.